दांडा आखूड की जोड घट्ट?

बीड, अंबाजोगाई, माजलगाव या पट्ट्यात जुनी ऑक्टाव्हिया, पोलो किंवा स्विफ्ट हौसेनं घेऊन ती मनासारखी करून घेणारी तरुण मंडळी आता बरीच दिसतात. टायर झाले, सायलेन्सर झाला, स्प्रिंगा झाल्या, की नजर गिअरच्या दांड्याकडे वळते. दांडा लांब जातो, तिसऱ्यातून दुसऱ्यात येईपर्यंत गाडीचा दम जातो, ही तक्रार खरी असते. मांजरसुंब्याच्या चढावर किंवा धारूर घाटाच्या अरुंद वळणात पुढे उसाचा ट्रक असेल, तर ओव्हरटेक साधायची की नाही हे त्या एका गिअरवर ठरतं. मग कुणीतरी ‘शॉर्ट शिफ्टर’ सुचवतो. हा सुटा संच मूळ दांड्याच्या किंवा त्याच्या जोडाच्या जागी बसतो आणि मुठीचा प्रवास कमी करतो.

माझं मत आधीच सांगतो. आपल्याकडच्या दहापैकी बहुतेक गाड्यांना आखूड दांड्याची गरज नसते. त्यांचे जोड ढिले झालेले असतात. ढिलाई काढली की दांड्याचा प्रवास आपोआप कमी वाटू लागतो, गिअर जागेवर पडतो, आणि हजारोंचा संच घ्यायचा विचार पुष्कळदा मागे पडतो. ढिले जोड तसेच ठेवून वरून संच चढवला तर मात्र नवा खर्च आणि जुनी तक्रार दोन्ही पदरात राहतात. जोड ठणठणीत असलेल्या, हौसेनं चालवल्या जाणाऱ्या गाडीत हा संच जरूर बसवावा. तो नीट बसला की गाडी चालवण्यातला आनंद वाढतो, यात मला शंका नाही.

दांडा काम कसा करतो ते आधी पाहू. तो तरफ आहे. हापशाचा दांडा जितका लांब तितका हलका, पण हात तितका जास्त खाली-वर करावा लागतो; गिअरचंही तसंच. समजा टेकूच्या गोळ्यापासून मुठीपर्यंत २४० मिलीमीटर आणि गोळ्याखाली जोडापर्यंत ४० मिलीमीटर अंतर आहे. प्रमाण ६ ला १. खालच्या टोकाला १० मिलीमीटर सरकावं लागत असेल तर मूठ ६० मिलीमीटर जाते. आता खालचा भाग ५० मिलीमीटरचा केला तर प्रमाण ४.८ वर येतं, मूठ ४८ मिलीमीटरच जाते. प्रवास २० टक्के कमी झाला, पण हाताला लागणारा जोर २५ टक्के वाढला. ही देवघेव टाळता येत नाही. कोणताही संच ‘४० टक्के कमी प्रवास’ असं सांगत असेल, तर जोर दीडपटीच्याही पुढे गेला असं समजावं. रोज बीड-गेवराई ये-जा करणाऱ्याच्या मनगटाला तो संध्याकाळी जाणवतो.

वरचा दांडा कापून मूठ खाली आणणं हा दुसरा, स्वस्त मार्ग. गावात लेथवाला असला की अर्ध्या तासाचं काम. प्रवास कमी होतो, जोर वाढतो, आणि मूठ हातापासून दूर जाते. बसायची जागा आणि मूठ यांचं नातं गाडी बनवणाऱ्यानं विचार करून ठरवलेलं असतं. ते मोडलं की दर वेळी खांदा पुढे झुकतो. हा मार्ग मला पसंत नाही. शिवाय कापलेला दांडा परत लांब होत नाही.

दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंतचा रस्ता प्रत्येक गाडीत वेगळा असतो, आणि संच कुठला, किती सोपा, हे त्यावरच ठरतं. महाराष्ट्र-गोव्यात तयार झालेल्या मोजक्या स्पोर्ट्स गाड्यांकडे पाहिलं तर हे सगळं चित्र समोर येतं. अलिबागच्या चिंकारा मोटर्सनं लोटस सेव्हनच्या घाटाची उघडी रोडस्टर बनवली. तिच्यात अॅम्बॅसडरमध्ये वापरलं गेलेलं इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन उभं बसवलेलं होतं आणि चाक मागचं फिरत होतं. अशा रचनेत गिअरबॉक्स चालकाच्या मांडीशेजारी येतो, दांडा जवळजवळ थेट त्याच्या डोक्यात उतरतो. आपल्याकडची जुनी महिंद्रा जीपही याच घराण्यातली. गोव्यात वेर्ण्याला तयार झालेली सॅन स्टॉर्म ही दोन जणांची, फायबरच्या अंगाची गाडी. तिचं रेनॉचं ११४९ सीसीचं इंजिन पुढे आडवं होतं. अशा गाडीत गिअरबॉक्स बॉनेटखाली डावीकडे राहतो आणि दांड्याचा हुकूम तिथवर नेण्यासाठी सळया किंवा केबल लागतात. दिलीप छाब्रियांच्या डीसीनं २०१२ च्या ऑटो एक्स्पोमध्ये दाखवलेल्या अवंतीत इंजिन पाठीमागे होतं. तिथे गिअरचा हुकूम मागे न्यावा लागतो, तेव्हा केबल लांब पडतात आणि केबलमधलं प्रत्येक वळण हाताला जाणवतं.

थेट दांड्याच्या गाडीत काम सर्वांत सोपं. वरचं रबरी आवरण काढायचं, तीन-चार बोल्ट सोडायचे, दांडा वर उचलायचा. गोळ्याखाली नायलॉनची वाटी असते, ती बहुधा चुरा झालेली सापडते. माझदा एमएक्स-५ सारख्या गाडीच्या मालकांना जगभर हाच अनुभव येतो: वाटी आणि दोन रबरी आवरणं बदलली की जुना दांडाही नव्यासारखा चालतो. ही गाडी आपल्याकडे कंपनीनं कधी विकली नाही, पण धडा जीपलाही लागू पडतो. जुन्या जीपचा दांडा चालत्या गाडीत हातभर हलतो ना, त्याचं कारण लांबी क्वचितच असतं. गोळा झिजलेला असतो, त्याला दाबून धरणारी स्प्रिंग मेलेली असते, किंवा खालचं टोक चापट झालेलं असतं. टर्नरकडून ते टोक भरून, घासून घेतलं तर जीप पुन्हा माणसात येते.

बीडच्या दृष्टीनं सर्वांत महत्त्वाची गाडी मात्र ऑक्टाव्हिया. स्कोडानं २००१ मध्ये शेंद्र्याच्या कारखान्यात ही गाडी जोडायला सुरुवात केली. शेंद्रा बीडपासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या दारातलंच. २००४ मध्ये आलेली १.८ लिटर टर्बोची, १५० अश्वशक्तीची आरएस ही त्या काळी भारतात मिळणाऱ्या वेगवान गाड्यांत गणली जाई. फोक्सवॅगनच्या चौथ्या गोल्फशी आणि पहिल्या ऑडी टीटीशी तिचा सांगाडा आणि गिअरबॉक्सचं घराणं एकच. त्यामुळे जगभर त्या गाड्यांसाठी निघालेले आखूड प्रवासाचे संच हिलाही बसतात. पुढे चाकणला तयार झालेल्या पोलोतही दोन केबलचीच रचना आहे. भाग वेगळे, विचार तोच.

या रचनेत एक केबल मूठ पुढे-मागे नेताना ओढली जाते, दुसरी आडवी नेताना. दोन्ही बॉनेटखाली गिअरबॉक्सच्या माथ्यावर येतात. पुढे-मागेची केबल एका जड लिव्हरला लागते. त्या लिव्हरवर मुद्दाम वजन ठेवलेलं असतं. गिअर एकदा सुरू झाला की ते वजन त्याला आत ढकलत नेतं. आखूड प्रवासाचा संच म्हणजे बहुधा हीच लिव्हर नव्या मापात: केबलचं टोक शाफ्टच्या जवळ येतं, म्हणून तेवढ्याच फिरण्याला केबल कमी सरकावी लागते. काही संचांत हे वजन काढून टाकलेलं असतं. ते मी कधीच सुचवणार नाही. वजन गेलं की गिअर खटखट पडतो, सुरुवातीला आवडतो, आणि घाईच्या वेळी अर्ध्यातच अडखळतो.

बसवण्याचं काम दुपारच्या उन्हात करू नये, आणि गरम इंजिनावर तर नाहीच. बॅटरी आणि हवेच्या गाळणीचा डबा काढला की गिअरबॉक्सचा माथा मोकळा होतो. केबलची टोकं सोडायच्या आधी मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो काढावेत. कोणती क्लिप कोणत्या बाजूनं होती याचा वाद नंतर होत नाही. केबलच्या टोकांना प्लास्टिकचे बुश असतात. वीस वर्षांच्या गाडीत ते उन्हानं आणि तेलानं ठिसूळ झालेले असतात, हात लावताच तुटतात. ते आधीच मागवून ठेवावेत, नाहीतर गाडी दारात आठवडाभर उभी राहते. नवी लिव्हर शाफ्टच्या खाचांत नीट बसली का ते पाहून नट आवळायचा, त्याला आटे पकडणारा द्रव लावायचा.

खरं कौशल्य लागतं ते पुढे, केबल जुळवताना. गाडी न्यूट्रलमध्ये. दोन्ही केबलच्या टोकांना स्प्रिंगचे कॉलर असतात. ते दाबून फिरवले की अडकून राहतात आणि केबल लांबीला मोकळी होते. मग गिअरबॉक्सचा उभा शाफ्ट खाली दाबायचा आणि शेजारची काटकोनी कडी फिरवायची, म्हणजे शाफ्ट त्या जागी कुलूपबंद होतो. आता गाडीत यायचं. दांड्याचं आवरण वर करून दांडा डावीकडे, पहिल्या-दुसऱ्याच्या ओळीत धरायचा आणि त्याच्या खालच्या भोकातून साडेचार-पाच मिलीमीटरची ड्रिलची काडी दांड्याच्या घराच्या (हाउसिंगच्या) भोकात सरकवायची. दोन्ही टोकं अशी बांधली गेली की परत बॉनेटखाली जाऊन कॉलर सोडायचे. स्प्रिंग केबलची लांबी आपली आपण ठरवते. शेवटी कडी परत फिरवायची, काडी काढायची. ही काडी विसरून दांडा ओढला तर घराचं प्लास्टिक फुटतं. हे सगळं केल्यावर बंद इंजिनावर पाचही गिअर आणि दाबून घ्यायचा रिव्हर्स घेऊन पाहायचा, तेही कन्सोलचं आवरण लावायच्या आधी.

आवरण लावायच्या आधी, यावर माझा भर आहे. बसवल्यानंतर गिअर सुटतो अशा बऱ्याच तक्रारींचं मूळ गिअरबॉक्समध्ये नसतंच. नव्या दांड्याचा कोन थोडा बदललेला असतो, तो कन्सोलच्या कडेला टेकतो, किंवा चामड्याचं आवरण ताणलं जातं. गिअर आत पूर्ण बसण्याआधीच कुणीतरी त्याला थांबवतं. वर चढताना सगळं ठीक वाटतं, उतारावर पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की फटकन न्यूट्रल. उघड्या कन्सोलवर गाडी चालवून पाहिली तर पाच मिनिटांत निदान होतं.

दुसरी मोठी तक्रार करकर. गिअर पडताना दात घासल्याचा आवाज आला की सगळे नव्या संचाला दोष देतात. इथे एकच परीक्षा पुरेशी आहे. इंजिन बंद करून गिअर टाकून पाहा. सगळे सहज पडले, आणि इंजिन चालू असताना क्लच पूर्ण दाबूनही अडले, तर दोष क्लचचा: क्लचच्या तेलात हवा शिरली असेल, सिलिंडर गळत असेल किंवा प्लेट चिकटत असेल. इंजिन बंद असतानाही गिअर जड गेले तर दोष दांडा, केबल किंवा जुळवणीचा. हा फरक न करता गिअरबॉक्स उतरवणारे मेकॅनिक मी पाहिले आहेत, आणि त्या बिलाचा राग मला अजून येतो, कारण नुकसान गिऱ्हाइकाचं होतं.

तिसरी तक्रार आडव्या ओळीची. पाचवा सापडत नाही, पहिला टाकायला गेलं की रिव्हर्सवर आपटतो, किंवा तिसरा-चौथा चुकून दुसरीकडे जातो. तेव्हा आडवी केबल पुन्हा जुळवायची. पुढे-मागेच्या केबलला हात लावायचा नाही. दांडा न्यूट्रलमध्ये सोडला की आपोआप मधल्या ओळीत यायला हवा. आला नाही तर स्प्रिंग तपासा, आणि केबल सुटी करून हातानं ओढून पाहा. आवरणाच्या आत गंज किंवा माती गेलेली असेल तर ती जड सरकते, आणि अशी केबल तेल घालून काही दिवसच चालते. एक्झॉस्टजवळून जाणारी केबल उष्णतेच्या पत्र्याशिवाय पुन्हा बसवली असेल तर मे महिन्यात, पारा चाळिशीपार गेला की, तिचं आतलं अस्तर मऊ पडून गिअर जड होतात. सकाळी मात्र गाडी अगदी बरोबर चालते. आपल्या उन्हाळ्यात हे आधी तपासावं.

मुठीतून येणारा कंप आणि भुणभुण ही चौथी तक्रार, आणि ती बहुतेक वेळा आपणच ओढवून घेतलेली असते. मूळ बुश रबर किंवा मऊ प्लास्टिकचे असतात, ते इंजिनचा थरथराट गिळतात. त्यांच्या जागी पितळेचे किंवा गनमेटलचे बुश घातले की गिअर काटेकोर होतो, पण इंजिनचं सगळं बोलणं हातात येतं. शर्यतीच्या गाडीत ते चालतं. रोजच्या गाडीत माझी पसंती घट्ट नायलॉनच्या बुशला. आपल्याकडे ट्रॅक्टर आणि साखर कारखान्यांच्या कामामुळे तालुक्याच्या ठिकाणी लेथवाले आहेत. मूळ बुशचं माप दिलं तर ते नायलॉनच्या गोल कांडीतून नेमका बुश वळवून देतात. बाहेरचं माप किंचित घट्ट आणि आतलं बोटाच्या दाबानं फिरेल एवढं ठेवायला सांगावं.

इथेच बीडच्या धुळीचा विषय येतो. ऊसतोडीच्या हंगामात रस्त्यावरची माती दिवसभर हवेत असते. दांड्याखालचं रबरी आवरण फाटलं असेल तर ती थेट गोळ्यावर आणि बुशवर बसते, आणि ग्रीसमध्ये मिसळून घासायच्या पावडरीसारखं काम करते. काळ्या मातीच्या रस्त्यानं चालणारी गाडी पावसाळ्यात चिखलही आत ओढते. म्हणून संच घेण्याआधी खालचं आवरण, बुश, केबलची टोकं आणि इंजिनचं फाउंडेशन या चार गोष्टी बघाव्यात. फाउंडेशनचा गिअरशी काय संबंध, असं पुष्कळजण विचारतात. आडव्या इंजिनाची गाडी पळवली की इंजिन मागे-पुढे झुकतं, गिअरबॉक्स त्याच्याबरोबर हलतो, आणि केबलची लांबी त्या क्षणापुरती बदलल्यासारखी होते. जोरात पळवल्यावरच दुसरा अडत असेल आणि हळू चालवताना अडत नसेल, तर संशय आधी फाउंडेशनवर घ्यावा.

गिअरबॉक्सच्या आत काय होतं, तेही पाहिलं पाहिजे. प्रत्येक गिअरला पितळी सिंक्रो रिंग असते. गिअर आणि शाफ्ट यांचा वेग सारखा होईपर्यंत ती दात एकमेकांत शिरू देत नाही, आणि हे काम ती घर्षणानं करते. तिला क्षणभर वेळ लागतो. आखूड दांड्यानं हात तो क्षण वाचवायला बघतो, आणि तरफेचा फायदा कमी झाल्यामुळे जोरही जास्त लावतो. निरोगी रिंग ते सोसते. झिजलेली रिंग करकर करून सांगते, आणि तसंच दामटलं तर दुसरा गिअर आधी जातो, कारण त्याच्यावरच वेगाचा सर्वांत मोठा फरक पडतो. तेलाचंही महत्त्व तेवढंच. बऱ्याच गिअरबॉक्सना जीएल-४ दर्जाचं, ७५डब्ल्यू-९० जाडीचं तेल सांगितलेलं असतं. दुकानात ‘जास्त चांगलं’ म्हणून जीएल-५ दिलं जातं. ते मुळात डिफरन्शियलसाठी. त्यातली गंधक-फॉस्फरसची द्रव्यं पितळी रिंगला घातक ठरू शकतात, आणि त्याचा निसरडेपणा रिंगला पकड घेऊ देत नाही. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच तेल घालावं. हिवाळ्यात पहाटे दुसरा जड जात असेल आणि पाच-सहा किलोमीटरनंतर मोकळा होत असेल, तर तेल बदलायची वेळ झाली आहे, संच विकत घ्यायची नव्हे.

एक धोका मात्र खरोखर आखूड प्रवासाचाच आहे. ओळी जवळ येतात. पाचव्यातून चौथा घेताना हात ओळ चुकला की दुसरा पडतो. १२० च्या वेगात दुसरा पडला तर चाकं इंजिनला त्याच्या मर्यादेपलीकडे फिरवतात. इंधन तोडणारी यंत्रणा इथे काही करू शकत नाही, कारण इंजिन इंधनानं नव्हे, चाकांनी फिरतं. व्हॉल्व्ह पिस्टनला आदळतात आणि इंजिन संपतं. म्हणून पुढे-मागेचा प्रवास कमी करा, आडवा फार कमी करू नका. आडवा प्रवासही बदलणारा संच असेल तर मधल्या ओळीत आणणारी स्प्रिंग मजबूत हवीच. पहिले काही दिवस मूठ न आवळता, तळव्यानं ढकलावी. मधली ओळ स्प्रिंगला शोधू द्यावी.

कायद्याचं काय? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील कंपनीनं मुळात ठरवलेल्या तपशिलांपासून वेगळे पडतील असा बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानंही मूळ रचनेपासून असं दूर जाण्याला मनाई केली. बेकायदा बदलासाठी कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंतची कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. प्रमाणपत्रावर इंजिन, चासी, रंग, आसनं, वजन असे तपशील असतात, गिअरच्या दांड्याची लांबी नसते. त्यामुळे सायलेन्सर किंवा चाकांइतका हा बदल डोळ्यांवर येत नाही. तरी एमएच-२३ असो वा अंबाजोगाईची एमएच-४४, शंका असेल तर परिवहन कार्यालयात आधी विचारलेलं बरं. वॉरंटीतल्या गाडीला हात लावूच नये. गिअरबॉक्सचा दावा नाकारायला कंपनीला हे कारण पुरतं.

पैशांच्या हिशेबातही क्रम हाच ठरतो. बुश, आवरण, क्लिपा, तेल आणि एक नीट जुळवणी, एवढ्यावर आधी खर्च करावा. नंतर महिनाभर गाडी घाटात, गावात, महामार्गावर चालवून बघावी. तरीही मूठ लांब जाते असं वाटलं, तर २० ते २५ टक्के प्रवास कमी करणारा, वजन कायम ठेवणारा संच घ्यावा. भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून आणला किंवा परदेशातून मागवला, तरी मूळ लिव्हर, बुश आणि बोल्ट पिशवीत घालून, वर गाडीचा नंबर लिहून जपून ठेवावेत. गाडी विकताना घेणाऱ्याला आखूड दांडा नको असला, तर एका दुपारी ती परत मूळ रूपात येते.